तारेचा आधार : विद्युतवाहक आणि रोधक यांच्या भेदाचा इतिहास

पदार्थांच्या ज्या गुणांचे मोजमाप माणसाने केले आहे, त्यांत विद्युत रोधकतेइतका प्रचंड पल्ला क्वचितच दुसऱ्या एखाद्या गुणात आढळतो. एक मीटर लांब आणि एक चौरस मीटर छेदाचा तुकडा विजेच्या प्रवाहाला जो विरोध करतो, त्याला त्या पदार्थाची रोधकता म्हणतात. तांब्याच्या बाबतीत ती एका ओहमचा सुमारे सहा कोटीवा भाग इतकी अल्प असते, तर काचेच्या बाबतीत तोच आकडा हजार कोटी ओहमपासून पुढे सुरू होतो, म्हणजे दोहोंचे गुणोत्तर एकावर सुमारे अठरा ते बावीस शून्ये मांडावीत इतके मोठे निघते. ज्यातून वीज सहज वाहते तो वाहक किंवा सुवाहक आणि जो तिला अडवून धरतो तो रोधक किंवा दुर्वाहक, हा भेद आज शालेय पुस्तकात दोन ओळींत सांगून होतो. तथापि घर्षणाने निर्माण होणाऱ्या विजेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाल्यानंतरही सव्वाशेहून अधिक वर्षे हा भेद कोणाच्या लक्षात आला नव्हता, आणि जेव्हा आला तेव्हा तो वीज नेणाऱ्या दोरीकडे पाहून आला नाही, तिला टांगून ठेवणाऱ्या धाग्याकडे पाहून आला. पुढल्या दोन शतकांतही वीज जेव्हा जेव्हा नव्या प्रदेशात नेण्यात आली, तेव्हा बहुतेक वेळा अडचण धातूची नव्हती, ती त्याच्या आधाराची आणि आवरणाची होती.

इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकत्वावरील आपल्या लॅटिन ग्रंथात, घासल्यावर हलक्या वस्तूंना ओढून घेणाऱ्या पदार्थांची यादी दिली. तृणमणी, काच, गंधक, हिरा, नीलमणी, राळ आणि लाख अशा पदार्थांचा त्या यादीत समावेश होता, तर धातू मात्र कितीही घासले तरी काडीलाही ओढत नसल्यामुळे ते यादीबाहेर राहिले. आजच्या दृष्टीने पाहता गिल्बर्टने रोधक आणि वाहक यांचीच विभागणी केली होती, परंतु तिचे कारण त्याला उमगणे शक्य नव्हते. घर्षणाने विद्युतभार धातूवरही निर्माण होतो. मात्र हातात धरलेल्या धातूवरचा भार शरीरावाटे जमिनीत निघून जातो आणि प्रयोगकर्त्याच्या नजरेला काहीच पडत नाही. प्रयोग करणारा माणूस स्वतःच त्या मंडलाचा एक वाहक दुवा आहे, ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे धातू हे विजेच्या दृष्टीने निष्क्रिय पदार्थ आहेत, असा समज पुढे दीर्घकाळ रूढ झाला.

हा समज मोडण्याचे श्रेय स्टीफन ग्रे याच्याकडे जाते. कँटरबरीच्या रंगारी कुटुंबातून आलेला आणि उतारवयात लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रमात राहणारा हा हौशी संशोधक काचेच्या पोकळ नळीवर प्रयोग करीत असे, आणि नळीत धूळ जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही तोंडांना बुचे बसवीत असे. १७२९ च्या आरंभी त्याच्या लक्षात आले की, घासलेली केवळ काचच नव्हे, तर न घासलेले बूचही पिसाला ओढून घेते. म्हणजे काचेवरचा गुण बुचापर्यंत पोहोचला होता. मग त्याने बुचात काठी खोचली, काठीच्या टोकाला हस्तिदंती गोळी बसवली, पुढे सुतळीने ती गोळी उंचावरून खाली सोडली, आणि प्रत्येक वेळी आकर्षण टोकापर्यंत पोहोचत असल्याचे त्याला दिसले. सुतळी आडवी नेण्यासाठी त्याने ती तुळईला सुतळीनेच टांगली तेव्हा मात्र गोळी निष्प्रभ झाली, आणि भार तुळईत निघून जात असावा असा अचूक तर्क त्याने केला.

त्याच वर्षी केंट परगण्यातील ऑटर्डन येथे ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या वाड्यात दोघांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. सुतळीला टांगण्यासाठी रेशमाचा धागा वापरावा, कारण तो बारीक असल्यामुळे त्यातून थोडाच गुण निसटेल, असे व्हीलरने सुचवले, आणि २ जुलै १७२९ रोजी साडेऐंशी फूट लांबीच्या दोरीतून आकर्षण पलीकडे पोहोचले. लांबी वाढवताना दोरीच्या वजनाने रेशीम तुटले, तेव्हा तितकीच बारीक पण अधिक मजबूत अशी पितळी तार त्याजागी बांधण्यात आली. परंतु नळी कितीही घासली तरी दुसऱ्या टोकाला काहीच घडेना. तारेची जाडी रेशमाइतकीच असताना परिणाम उलट झाल्यामुळे, बारीकपणाचा येथे काहीही संबंध नसून पदार्थाची जातच निर्णायक आहे, असा निष्कर्ष दोघांना काढावा लागला. पुन्हा रेशमाचे आधार घेतल्यावर दोरीची लांबी सातशे फुटांच्या पलीकडे नेता आली. वाहक आणि रोधक यांचा भेद अशा रीतीने एका चुकीच्या तर्कावर उभ्या केलेल्या, पण प्रामाणिकपणे तपासलेल्या प्रयोगातून निघाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १७३१ आणि १७३२ अशी लागोपाठ दोन वर्षे कोप्ली पदक देऊन ग्रेचा गौरव केला.

पॅरिसमध्ये शार्ल द्यू फे याने १७३३ च्या सुमारास हे प्रयोग पुढे नेले आणि दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवून दिल्या. पहिली ही की, काचेच्या किंवा राळेच्या आधारावर ठेवल्यास धातूसह जवळजवळ कोणताही घन पदार्थ विद्युतभारित करता येतो, म्हणजे गिल्बर्टच्या यादीतील वगळणूक ही धातूचा दोष नसून आधाराचा अभाव होता. दुसरी ही की, सुतळी ओली केल्यास ती कोरड्या सुतळीहून कितीतरी चांगले वहन करते. काचेच्या नळ्यांवर टेकवलेल्या ओल्या दोरीतून त्याने बाराशे फुटांहून अधिक अंतरापर्यंत परिणाम पोहोचवला. या दोन गटांना स्थिर नावे देण्याचे काम पुढे जॉन डेझाग्युलिए याच्या लेखनातून झाले. ओल्या सुतळीच्या प्रयोगाने मात्र त्याच वेळी एक शंका पेरून ठेवली होती, कारण एकच दोरी कोरडी असताना एका गटात आणि भिजल्यावर दुसऱ्या गटात जात असेल, तर ही विभागणी पदार्थांची की परिस्थितीची, हा प्रश्न उरतच होता. त्याला संख्येची जोड हेन्री कॅव्हेंडिशने दिली. प्रवाहमापक यंत्रे अस्तित्वात नसताना, स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तुलना करून त्याने पदार्थांचे वहन आजमावले, आणि लोखंडी तार ही पावसाच्या पाण्यापेक्षा सुमारे चाळीस कोटी पट चांगले वहन करते, असे १७७६ मध्ये नमूद केले. वहन ही आहे-नाही अशी बाब नसून तिला प्रमाण असते, हा विचार येथे प्रथमच आकड्यांत मांडला गेला.

प्रयोगशाळेत हा विचार दुय्यम वाटला तरी तारायंत्राच्या काळात तो व्यवहाराचा विषय बनला. हिंदुस्थानात विजेच्या तारेचा पहिला मोठा प्रयोग १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी या वैद्यकीय शिक्षकाने केला. बांबूंवर तार ताणून आणि तिचा काही भाग डांबर, वेत व डांबरी सूत यांच्या आवरणात हुगळी नदीतून नेऊन त्याने संदेश पाठवले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तारवाट उभारताना त्याने तारेऐवजी लोखंडी सळई निवडली. जमिनीखालच्या टप्प्यात या सळईभोवती डांबरात भिजवलेले मद्रासी कापड गुंडाळून ती कौलांच्या ओळीत ठेवली गेली आणि वरून तीन भाग कोरडी वाळू व एक भाग राळ यांचे वितळलेले मिश्रण ओतण्यात आले. जाड सळईची निवड करण्यामागे माकडे, पक्षी आणि वादळे यांचा मारा सोसण्याचा हेतू होता, पण तिचा विद्युतीय फायदाही होता: छेद मोठा म्हणून तिचा रोध कमी, आणि रोध कमी म्हणून पावसाळ्यात खांबावाटे होणारी थोडीफार गळती सोसूनही संदेशापुरता प्रवाह पलीकडे पोहोचत असे. रोधकाची उणीव वाहकाच्या जाडीने भरून काढण्याचा हा उपाय होता, आणि हिंदुस्थानातील तारखाते १८५५ च्या फेब्रुवारीत सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते अशाच सळयांच्या बळावर.

समुद्रात मात्र हा उपाय लागू पडण्यासारखा नव्हता, कारण तेथे खारे पाणी हाच एक वाहक तारेला सर्व बाजूंनी वेढून असतो. काच आणि चिनीमाती ठिसूळ, डांबर भेगाळणारे, रबर धातूच्या सान्निध्यात चिकट होऊन बिघडणारे. पाण्यात टिकेल, वाकेल आणि तरीही गळू देणार नाही असा पदार्थ मलाया द्वीपसमूहातील गटापर्चा या झाडाच्या चिकात सापडला. गरम पाण्यात मऊ होणारा आणि थंड झाल्यावर घट्ट होणारा हा चीक तेथील लोक कोयत्यांच्या मुठी बनवण्यासाठी वापरीत असत. सिंगापूरमध्ये शल्यवैद्य म्हणून काम केलेल्या विल्यम मंटगोमेरी याने त्याचे नमुने १८४३ मध्ये लंडनला पोहोचवले, आणि १८४८ मध्ये मायकेल फॅरडेने त्याच्या उत्कृष्ट रोधक गुणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. महाराष्ट्रातील वाचकाला या झाडाचे गोत्र अपरिचित नाही. मोह, बकूळ आणि चिकू ही झाडे ज्या सॅपोटेसी कुलातील आहेत त्याच कुलात गटापर्चाही मोडतो, आणि चिकूच्या कच्च्या फळातून निघणारा पांढरा चीक हा त्या नात्याचाच पुरावा आहे.

गटापर्चाचे आवरण घातलेली पहिली समुद्री तार ऑगस्ट १८५० मध्ये डोव्हरजवळून फ्रान्सच्या किनाऱ्याकडे टाकण्यात आली आणि जेमतेम एक दिवस चालून निकामी झाली. पुढल्या वर्षी आवरणावर लोखंडी तारांचे चिलखत चढवल्यावर ती टिकली. या यशाने धीट होऊन अटलांटिक महासागर ओलांडण्याचा घाट घातला गेला. ५ ऑगस्ट १८५८ रोजी ती तार पूर्ण झाली खरी, पण व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सोळा तास लागले आणि सुमारे महिनाभरात तार मुकी झाली. या मंदगतीचे कारण फॅरडेने आधीच दाखवून ठेवले होते: मध्ये तांबे, बाहेर खारे पाणी आणि दोहोंच्या मध्ये गटापर्चा अशी रचना विद्युतभार साठवून ठेवणाऱ्या धारित्रासारखी वागते, त्यामुळे प्रत्येक संकेत आधी तारेला भारित करतो, मग हळूहळू पलीकडे पाझरतो आणि लागोपाठचे संकेत एकमेकांत मिसळून जातात. रोधक म्हणजे नुसती अडवणारी भिंत नसून विद्युत घटनेत सहभागी होणारे माध्यम आहे, हे या व्यवहारी अडचणीतून प्रकर्षाने पुढे आले. ही तार टाकणाऱ्या कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याला मात्र हे पटले नव्हते. त्याने संकेत रेटण्यासाठी सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत दाब लावला आणि मुळातच सदोष असलेल्या आवरणाची हानी पुरी केली.

याच प्रकरणातून वाहकाचीही झडती झाली. तांबे म्हणजे तांबे असे समजून कारखानदार कोणतेही तांबे तारेसाठी वापरीत असत. परंतु ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की बाजारातील निरनिराळ्या तांब्यांच्या वहनात मोठा फरक असतो, आणि पुढील संशोधनातून आर्सेनिकसारख्या अशुद्धीचा अल्प अंशही वहन कितीतरी कमी करतो हे स्पष्ट झाले. १८६६ च्या यशस्वी अटलांटिक तारेत दर सागरी मैलामागे तांबे १०७ पौंडांवरून ३०० पौंडांवर आणि गटापर्चा २६१ पौंडांवरून ४०० पौंडांवर नेण्यात आला. दरम्यान १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकलेली तार अल्पावधीत निकामी होऊन ब्रिटिश सरकारला लाखो पौंडांचा भुर्दंड बसला होता. या अपयशांच्या चौकशीतूनच रोध मोजण्याचे सर्वमान्य एकक ठरवण्याची निकड निर्माण झाली, आणि ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामातून आजच्या ओहम या एककाची वाट मोकळी झाली. तार टाकण्यापूर्वी तिच्या आवरणाचा रोध पाण्यात बुडवून आकड्यांत मोजण्याची प्रथा याच काळात रुळली.

या सगळ्या अनुभवाचे फळ मुंबईला १८७० मध्ये मिळाले. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज हजारो मैल लांबीची तार घेऊन त्या वर्षाच्या आरंभी मुंबईत आले आणि फेब्रुवारीत येथून एडनच्या दिशेने तार सोडीत निघाले. या सफरीसाठी जहाजाला पांढरा रंग देण्यात आला होता, कारण उष्णतेने मऊ होणारा गटापर्चा टाक्यांमध्ये सुरक्षित राहण्यासाठी जहाज तापू न देणे आवश्यक होते. जूनमध्ये मुंबई ते लंडन हा समुद्री मार्ग पूर्ण झाला. तोपर्यंत इराणचे आखात आणि तुर्कस्तान यांमधून जाणाऱ्या जमिनीवरील तारांवर संदेश दिवस-दिवस रखडत आणि वाटेत त्यांची मोडतोडही होत असे. आता मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव त्याच दिवशी कळण्याची सोय झाली.

या सोयीची किंमत मलायातील जंगलांनी मोजली. चीक काढण्याची रूढ पद्धत म्हणजे पूर्ण वाढलेले झाड तोडून त्याच्या सालीला ठिकठिकाणी छेद देणे ही होती, आणि एका झाडातून हाती येणारा चीक किलोच्या एखाद्या अंशाइतकाच भरे. समुद्रतळावर टनावारी गटापर्चा उतरत असताना सिंगापूर बेटावरील ही झाडे शतकाच्या मध्यापर्यंतच जवळजवळ नाहीशी झाली. १८८५ मध्ये डच सरकारने जावा बेटावर चिपतीर येथे या झाडांची लागवड सुरू केली आणि पुढे पानांतून चीक काढण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा कोठे ही तोड आटोक्यात आली. हिंदुस्थानचा रोधकांच्या बाजारातील वाटा वेगळ्या स्वरूपाचा होता. छोटा नागपूरच्या परिसरातील पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवरची लाख तारांच्या वेटोळ्यांना लेप देण्यासाठी, आणि कोडरमा भागातील अभ्रक उष्णता सोसत असल्यामुळे जनित्रांतील तांब्याच्या पट्ट्यांमध्ये घालण्यासाठी जगभर जात असे. १९०७ मध्ये लिओ बेकलँड याने तयार केलेले बेकेलाइट हे कृत्रिम प्लास्टिक लाखेला पर्याय शोधण्याच्या धडपडीतूनच निघाले होते.

जमिनीवरील उघड्या तारांसाठी हवा हाच रोधक पुरेसा असतो, आणि प्रश्न उरतो तो फक्त खांबापाशी. तेथे चिनीमातीचे इन्सुलेटर वापरात आले, आणि त्यांच्या छत्रीसारख्या घेरदार आकाराला नेमके कारण होते: प्रवाह चिनीमातीच्या पोटातून सहसा जात नाही, तो तिच्या ओल्या, मळलेल्या पृष्ठभागावरून सरकतो, म्हणून एकाखाली एक पाळ्या काढून त्याची वाट लांबवायची आणि पाळीखालचा भाग पावसातही कोरडा राखायचा, हे त्या आकाराचे तत्त्व आहे. दाब वाढत गेला तसा खुंटीवर बसवलेला इन्सुलेटर इतका मोठा व जड होऊ लागला की साठ-सत्तर हजार व्होल्टच्या पुढे तो वापरणे अव्यवहार्य ठरले; १९०७ मध्ये अमेरिकेत हेवलेट आणि बक यांनी चिनीमातीच्या तबकड्यांची माळ टांगून तिला तार अडकवण्याची पद्धत काढली, आणि दाब वाढवायचा तर तबकड्या वाढवायच्या, असा सोपा मार्ग मोकळा झाला. खोपोलीच्या वीजघरातून ८ फेब्रुवारी १९१५ रोजी मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांची जलविद्युत वाहू लागली ती एक लाख व्होल्ट दाबाने, सुमारे ४३ मैलांच्या वाहिनीवरून. या तंत्राच्या आधी असा दाब विचारातही घेता आला नसता. कोकणपट्टीत अशा वाहिन्यांना धो-धो पावसापेक्षा कोरड्या ऋतूतील धुके आणि दव अधिक जाचक ठरते, कारण मुसळधार पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो, तर दव मात्र खाडीवरून आलेल्या मिठाच्या पुटाला नुसतेच ओलावून वाहक बनवते.

उद्योगाने हा भेद इतक्या बारकाईने हाताळला तरी त्याचे मूळ कारण विसाव्या शतकापर्यंत अज्ञात होते. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात ही कल्पना १९०० मध्ये पाउल ड्रूड याने मांडली, पण काचेतही इलेक्ट्रॉन असताना ते का वाहत नाहीत, याचे उत्तर तिच्यात नव्हते. १९३१ मध्ये ॲलन विल्सन याने पुंजसिद्धान्ताच्या आधारे ते दिले. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेचे ठरावीक पट्टेच खुले असतात. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर ते पुढे सरकू शकतात आणि पदार्थ वाहक ठरतो, पट्टा पूर्ण भरलेला असून वरच्या रिकाम्या पट्ट्यापर्यंतचे अंतर मोठे असेल तर तो रोधक ठरतो. दाब फार वाढवला की रोधकातील इलेक्ट्रॉनही सुटतात आणि तो फुटतो. हवेच्या बाबतीत ही मर्यादा मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्ट आहे. पट्ट्यांमधले अंतर लहान असेल तर उष्णतेनेही काही इलेक्ट्रॉन वर जातात, आणि तापवल्यावर धातूचे वहन घटते तसे न होता त्या पदार्थाचे वहन वाढते. ही विसंगती फॅरडेने १८३३ मध्येच चांदीच्या सल्फाइडमध्ये पाहिली होती, आणि जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा विद्युतलहरी टिपण्यासाठी उपयोग करून १९०४ मध्ये अमेरिकी पेटंटही मिळवले होते. परंतु तारेला वाहक आणि तिच्या आवरणाला रोधक एवढेच हवे असणाऱ्या उद्योगाला या मधल्या, अर्धवाहक पदार्थांचा उपयोग दिसत नव्हता. १९४७ च्या डिसेंबरात जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तयार झाला तेव्हा हीच दुर्लक्षित जात विद्युत तंत्राच्या केंद्रस्थानी आली.

समुद्रतळावरच्या गटापर्चाची जागाही त्याच सुमारास गेली. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये अपघाताने तयार झालेले पॉलिएथिलीन अधिक चांगला रोधक ठरले, आणि १९५६ ची पहिली अटलांटिक टेलिफोन केबल त्याच्याच आवरणात टाकली गेली. प्लास्टिक म्हणजे रोधक हे समीकरण यामुळे पक्के झाले, पण तेही फार काळ टिकले नाही. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकात आयोडीन मिसळून त्याचे वहन कोट्यवधी पटींनी वाढवून दाखवले, आणि २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या कामासाठी त्यांना मिळाले. रेशीम आणि पितळ यांच्यामध्ये ग्रेला दिसलेली रेषा अशा रीतीने खोटी ठरली नाही, पण ती पदार्थाच्या नावावर आखता येत नाही हे सिद्ध झाले. एखाद्या पदार्थाची रचना, शुद्धता, ओलावा, तापमान आणि त्यावर पडणारा दाब सांगितल्याखेरीज तो वाहक की रोधक हे सांगणे अपुरे असते, आणि तार टाकणाऱ्यांनी हा धडा भौतिकशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी, बुडालेल्या पैशांच्या हिशेबातून शिकून घेतला होता.